सात दाण्यांचा टीव्ही

दुकानात आलेल्या माणसाला किती खर्च करायचा आहे, असं अप्पा कधी विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला होता. "घरी रिमोट कुणाच्या हातात असतो?" माणूस गोंधळायचा. मग आईच्या, वडिलांच्या, बायकोच्या असं काहीतरी सांगायचा. "मग त्यांना घेऊन या," एवढं म्हणून ते पुन्हा आपल्या कामाला लागत. निम्मे लोक परत येत नसत. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

मी लातूरला एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात होते तेव्हा चार वर्षं त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान. पूर्वी ते पाठीला पोक असलेले जुने टीव्ही दुरुस्त करत. ते टीव्ही गेले, आणि त्याच फळ्यांवर स्मार्ट टीव्ही आणि त्यांना जोडायच्या डब्या आल्या. वय सत्तरीच्या जवळ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात मूठभर तुरीचे दाणे. आजूबाजूचे सगळे त्यांना अप्पा म्हणत. मीही म्हणायला लागले.

दाणे मोजणीसाठी होते. गिऱ्हाइकाच्या घरचं माणूस खुर्चीवर बसलं की अप्पा त्याच्या हातात रिमोट देत आणि स्वतः मागे स्टुलावर बसत. मांडीवर स्टीलची ताटली. समोरच्या माणसानं एक बटण दाबलं की ताटलीत एक दाणा. टीव्ही लावल्यापासून हवा तो कार्यक्रम दिसेपर्यंत सात दाणे पडले तर चालेल, आठवा पडला तर तो टीव्ही त्या घरात जाणार नाही, असा नियम. सातच का, असं मी एकदा विचारलं होतं. पाच म्हटलं तर दुकान बंद करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळात ते पडद्याकडे बघत नसत. बघायचे ते अंगठ्याकडे. तोंडाला येईल ते माणूस बोलतो, पण अंगठा खोटं बोलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

वेळ मोजायला त्यांच्याकडे घड्याळ होतं, पण ते वापरत नसत. टीव्हीचं बटण दाबलं की ओठ हलायला लागत. नमः शिवाय, नमः शिवाय. चित्र आलं की थांबत. मग निकाल लागायचा, हा बारा नमः शिवायचा, तो तीसचा. एकदा एका कंपनीचा प्रतिनिधी नवीन टीव्ही घेऊन आला होता. अप्पांनी मोजून सव्वीस सांगितले. त्या माणसानं वहीत सव्वीस लिहून घेतलं आणि मग विचारलं, सव्वीस काय.

त्यांचं मत असं होतं की टीव्ही म्हणजे काच आणि काचेमागचा दिवा. त्यापलीकडे त्यानं काही करू नये. इंटरनेटवरचे कार्यक्रम आणायचं काम तळहाताएवढ्या वेगळ्या डबीनं करावं, जी टीव्हीच्या मागे जोडता येते. टीव्हीच्या पोटातच ते सगळं भरून देतात, हा त्यांच्या मते गिऱ्हाइकाशी केलेला दगा होता. "काच पंधरा वर्षं टिकते, ताई," ते मला सांगत. "डोकं चार वर्षांत म्हातारं होतं. मग कंपनी म्हणते, ह्याला आता नवीन काही शिकवता येत न्हाई. मग काय, डोक्यापायी धड फेकायचं? डोकं बाहेर ठेवा. बिघडलं तर डोकं बदला." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरोघरचे टीव्ही चौथ्या-पाचव्या वर्षी अडखळायला लागतात, एकेक सेवा बंद होत जाते, आणि पहिल्या पडद्यावर आपण न मागितलेल्या सिनेमांच्या जाहिराती येऊन बसतात. हे सगळं ते हातात फडकं घेऊन, काच पुसत पुसत सांगायचे. स्वतः टीव्ही बघत नसत. बंद टीव्ही मात्र पाच-पाच मिनिटं बघत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

विकलेल्या प्रत्येक रिमोटवर ते सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवत. ज्या बटणांची गरज नाही ती सगळी रबराखाली. निरनिराळ्या सशुल्क सेवांची बटणं, रंगीत बटणं, आणि बोलून शोधायचं माईकचं बटण. माईकवर त्यांचा विशेष राग होता. टीव्हीशी बोलायची वेळ आलेलं घर त्यांना बघवत नसे.

एक डाळीचे व्यापारी आपल्या आईला घेऊन आले होते, तो प्रसंग मी पायरीवर उभी राहून पाहिला. त्यांना सर्वांत मोठा टीव्ही हवा होता. म्हातारीनं रिमोट घेतला आणि दोनदा चुकीचं बटण दाबलं. मुलगा पुढे झाला, आई ते न्हाई, बाजूचं. अप्पांनी त्याला दुकानाबाहेर उभं केलं.

"तुम्ही रोज हिच्या बाजूला बसणार का?"

मुलानं उत्तर द्यायच्या आत म्हातारी म्हणाली, "दिवाळीला बी बसत न्हाई ह्यो."

ताटलीत चौदा दाणे पडले. अप्पांनी मोठा टीव्ही परत खोक्यात घातला, आतून काही नसलेला मध्यम आकाराचा साधा टीव्ही काढला, डबी लावली, रिमोटवर रबर चिकटवलं. म्हातारीनं पाच दाण्यांत कीर्तन लावलं. मुलगा आत आला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, हाच घे.

असं असल्यावर त्या माणसाला आपलं म्हणणं चुकेल असं का वाटावं. ते चुकलं नायगावात.

नायगावला त्यांची थोरली बहीण राहायची. अक्का. शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, यजमान गेलेले. माझी नांदेडला बदली झाली त्याच सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, वाचताही थोडं यायचं, पण तोंडातून होकाराचा एकच शब्द नीट बाहेर पडायचा. हाव. नांदेडला वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी तोंडाच्या आणि उच्चारांच्या व्यायामाचे व्हिडिओ करून दिले. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, पडद्यावर बघून करायचे. पहिले सहा महिने हातचे घालवू नका, असं त्यांनी अप्पांना माझ्यासमोर दोनदा सांगितलं. अक्कांना लातूरला न्यायचं अप्पांनी खूप मनावर घेतलं होतं, पण त्यांनी डाव्या हातानं दाराची चौकट धरून ठेवली. शेजारच्या एक बाई दोन वेळचं जेवण आणि अंघोळीचं बघायच्या.

अक्कांकडे स्मार्ट टीव्ही होता, तीन वर्षांपूर्वीचा. अप्पांनी तो दाण्यांवर मोजला. व्यायामाचा व्हिडिओ लागेपर्यंत एकोणीस दाणे आणि एक्केचाळीस नमः शिवाय. ते तडक लातूरला गेले, डबी घेऊन परत आले आणि जोडून दिली. रिमोटवर रबर. डबी सुरू झाली की व्यायाम समोरच. तीन दाणे. त्यांनी तीच परीक्षा चार वेळा घेतली आणि चारही वेळा तीनच दाणे पडले. टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचीही जास्तीची बटणं त्यांनी झाकली आणि तो टीव्ही लावण्यापुरता बाजूला ठेवला. परतीच्या वाटेवर नांदेडच्या बस स्थानकात त्यांनी मला चहा पाजला. एरवी ते बाहेरचा चहा घेत नसत.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी अक्कांना फोन करत. शेजारच्या बाई फोन कानाला लावून देत. अक्का, व्यायाम झाला? हाव. दोन्ही वेळा? हाव. असे तीन आठवडे गेले.

तालुक्याच्या एका बैठकीसाठी मी नायगावला गेले होते. दुपारी अक्कांकडे डोकावले. त्या खुर्चीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर कसल्यातरी मालिकेची जाहिरात स्थिर उभी होती. मागे डबीचा छोटा दिवा पेटलेला. मी व्यायाम झाला का विचारलं. हाव. मग दोन्ही रिमोटवर बोट फिरवून बघितलं. एकावर धुळीचा थर होता. तो डबीचा. मी तो उचलला तेव्हा अक्कांनी मान खिडकीकडे वळवली. निघताना मी टीव्ही पुन्हा डबीवर आणून ठेवला, तो तिथून का हलला होता ते मात्र कळलं नाही.

मी अप्पांना फोन करून जे पाहिलं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या गाडीनं नांदेडला उतरले आणि आम्ही नायगावला गेलो. त्यांनी टीव्हीला हात लावला नाही. अक्कांना म्हणाले, लाव. स्वतः मागे बसले, ताटली शेजारच्या बाईंकडून मागून घेतली. अक्कांनी टीव्ही लावला. समोर डबीचाच पडदा आला. दुसरा रिमोट घेतला आणि व्यायाम लागला. तीन दाणे. अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू हाय की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला खोटं ठरवल्याचा आनंदही नव्हता. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं, आणि खरं तर मलाही.

अकराच्या सुमारास लाइट गेली. नायगावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली, आम्ही पोहे खाल्ले. पाऊण तासानं लाइट आली. टीव्ही आपोआप उठला, पण डबीकडे न जाता स्वतःच्या पहिल्या पडद्यावर, जाहिरातींच्या ओळीवर येऊन उभा राहिला. तिथून डबीकडे जायचं तर टीव्हीचा रिमोट घ्यायचा, जोडणी बदलायचं बटण दाबायचं, यादीतून तिसरी ओळ निवडायची, आणि मग रिमोट बदलायचा. अक्कांनी डाव्या हातानं डबीचा रिमोट उचलला. दाबला. पुन्हा दाबला. मांडीवरून घसरला, वाकून उचलला. मग दुसरा घेतला. यादी उघडली, पण थांबायच्या आत मिटली. अप्पा एकेक दाणा टाकत होते. सत्तावीसला अक्कांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि जाहिरातीकडे बघत बसल्या. ही रोजची बसण्याची पद्धत होती, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"सांगितलं का न्हाईस मला?" अप्पा म्हणाले.

आणि त्यांना स्वतःलाच तो प्रश्न ऐकू आला असावा. ते उठून अंगणात गेले, मीटरच्या पेटीसमोर उभे राहिले. मी बाहेर गेले तेव्हा तारांकडे बघत होते.

"ताई, दुकानात इन्व्हर्टर हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं लाइट कधी जातच न्हाई."

इतकी वर्षं त्यांनी लातूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे तपासले होते, तेही कधीच न जाणाऱ्या विजेवर. त्यांनी चूक कबूल केली ती एवढ्याच शब्दांत. मग आत जाऊन त्यांनी डबी काढली आणि पिशवीत टाकली.

ती दुपार त्यांनी टीव्हीच्या पोटातल्या त्याच व्यवस्थेशी मारामारी करण्यात घालवली, जिला ते दगा म्हणत आले होते. जे काढता येतं ते काढून टाकलं. पहिल्या ओळीत व्यायाम आणून बसवला. आपोआप बदल होऊ नयेत म्हणून ते बंद केले. मग मीटरच्या पेटीतलं मेन बटण स्वतः पाडलं, पुन्हा चालू केलं आणि अक्कांना म्हणाले, लाव. वेग तसाच होता, चाळीसेक नमः शिवाय. पण रिमोट एक, आणि दाणे सहा. पुन्हा बटण पाडलं. सहा. संध्याकाळपर्यंत त्यांनी कितीदा बटण पाडलं ते मी मोजलं नाही. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, अप्पा, फ्रिज मरंल माझ्या घरचा, तार एकच हाय. पुढच्या आठवड्यात त्यांनी बहिणीसाठी छोटा इन्व्हर्टरही पाठवला. मग आता डबी परत लावणार का, असं मी विचारलं. बॅटरी एक दिवस मरतेच, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यानंतर दर रविवारी ते नायगावला यायला लागले. तिसऱ्या रविवारी मीही होते. अक्कांच्या रिमोटवरचं रबर एका ठिकाणी उखडलेलं होतं. डाव्या अंगठ्याच्या नखानं, बहुधा बरेच दिवस लागून. नेमकं माईकचं बटण. अप्पांनी खिशातून डिंकाची ट्यूब काढली. अक्कांनी रिमोट छातीशी धरला.

मग त्यांनी बटण दाबून ठेवलं आणि तोंड उघडलं. जो आवाज आला तो काय होता ते मला कळलं नाही, अप्पांनाही नाही. पडद्यावर ओळ आली की ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. अक्कांनी पुन्हा दाबलं. तीच ओळ. पाचव्यांदा, सहाव्यांदा तीच. अप्पांचा चेहरा उतरला. मशीन आपल्या बहिणीला घालूनपाडून बोलतं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि रिमोट काढून घ्यायला ते पुढेही झाले. अक्कांनी त्यांच्या मनगटावर रिमोटच हाणला. जोरात नाही, पण वर्गातल्या मुलाला हाणावा तसा.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि चालू द्या म्हणाल्या. घरातली माणसं अर्ध्या आवाजावरून ओळखतात, पाणी आणून देतात, त्यामुळे पूर्ण शब्द बोलायची गरजच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. टीव्ही काही ओळखत नाही. त्याला पूर्णच द्यावं लागतं. अक्कांनी स्वतःसाठी कडक परीक्षक शोधला होता. पस्तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईंना कमी कडक परीक्षक पटलाही नसता.

डॉक्टरबाईंच्या यादीत पाणी, भाकर, दार असे सोपे शब्द होते. अक्कांनी त्यातला एकही घेतला नाही. त्या रविवारमागून रविवार एकाच शब्दामागे लागल्या होत्या. तो कोणता हे आम्हाला समजत नव्हतं आणि त्या लिहूनही दाखवत नव्हत्या. नवव्या की दहाव्या रविवारी पडदा हलला. विष्णुपुरीच्या धरणाची चित्रं ओळीनं आली. त्यांनी एक उघडलं. दरवाजे उघडलेले, गोदावरीचं गढूळ पाणी खाली कोसळणारं, कठड्याला टेकून फोन धरलेली माणसं. इतका अवघड शब्द त्यांनी का धरला होता, ते मी तेव्हा विचारलं नाही. अप्पा उतावीळ होऊन म्हणाले, अक्का, आता दुसरा म्हण. त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पाणी बघायचं होतं.

अप्पांचं दुकान आजही चालू आहे. रिमोट कुणाच्या हातात असतो हे ते अजून विचारतात. दाणे आहेत. फक्त परीक्षेच्या मध्यावर ते न सांगता उठतात, इन्व्हर्टर बंद करतात आणि मेन स्विच खाली ओढतात. दुकान काळोखं होतं, पंखा थांबतो. मग स्विच वर करून पुन्हा मागे येऊन बसतात आणि मोजणी तिथून धरतात. कुणाला डबी देतात, कुणाला टीव्हीच्या आतलंच नीट करून देतात. यातलं बरं कोणतं, असं मी मागे लातूरला गेले तेव्हा विचारलं. "घर बघून सांगतो," म्हणाले. हा माणूस पूर्वी घर न बघता सांगायचा. माईकच्या बटणावर ते आता रबर लावत नाहीत. इतर बटणांबद्दलचा राग कायम आहे.

गेल्या महिन्यात दुपारी कार्यालयात मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आधी नुसता श्वास. मग एक बाईचा आवाज, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबणारा. त्यांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ओळख पटायला मला वेळ लागला, कारण हाव सोडून मी त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फोनवर कधी ऐकला नव्हता. मी अप्पांची चौकशी सुरू केली तर त्यांनी मला मध्येच तोडलं. काम वेगळं होतं. आदल्या दिवशी आम्ही नायगावहून आलेली एक बातमी छापली होती. तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापिकेचा सत्कार झाला, आणि त्या शाळेच्या पहिल्या महिला मुख्याध्यापिका, असं आम्ही लिहिलं होतं. ती प्रत माझ्याच हाताखालून गेली होती.

"त्या... पहिल्या... न्हाईत," अक्का म्हणाल्या. "पहिली... मी."

मी कागद ओढला. त्यांनी वर्ष सांगितलं, रुजू झाल्याची तारीख सांगितली. एका आकड्याला अडखळल्या. मी तो अंदाजानं म्हणणार होते, पण गप्प राहिले. त्यांनी तो तिसऱ्या वेळेला पूर्ण सांगितला. सगळं लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं.

"छापणार?"

"उद्या छापू, अक्का."

"कुठं?"

"शुद्धिपत्र आतल्या पानावर असतं."

"बातमी... कुठं होती?"

"पाचव्या पानावर."

"मग... पाचव्यावर."

दुसऱ्या दिवशी ते पाचव्या पानावर छापलं.